सिक्युरिटी कमी करा, मगच टेंडर भरा?



या आठवड्याच्या व्हिडिओत ई-टेंडर भरण्याआधी कॉम्प्युटर कसा तयार ठेवायचा ते दाखवलंय. स्टेप्स तिथे आहेतच. पण रेकॉर्डिंग करताना एक जुनी गोष्ट डोक्यातून जात नव्हती. ती व्हिडिओत बसली नाही, म्हणून इथे लिहितोय.

2018 सालची गोष्ट आहे. आमच्या बॅचमधला एक फॅब्रिकेशनवाला शाळेच्या बेंचचं टेंडर भरत होता. दर काढलेले, अनामत रक्कम भरलेली, डिजिटल सहीचं टोकन हातात. शेवटची वेळ दुपारी 3. गडी सकाळी 10 पासून बसलाय आणि सहीची खिडकीच उघडत नाही! मला फोन आला. मी म्हटलं, त्यांचं मदतीचं पान उघड आणि वाच.

पानावर काय लिहिलेलं? इंटरनेट एक्सप्लोररच वापरा. जावाची नवी आवृत्ती असेल तर काढून टाका, जुनी 7 टाका. जावाच्या सेटिंगमध्ये सिक्युरिटी 'मीडियम' करा. पॉप-अप ब्लॉकर बंद करा. अँटिव्हायरस अडवत असेल तर तोही बंद करा.

मी फोनवरून एकेक करून घेतलं. तीनला दहा मिनिटं असताना सही झाली, फाइल चढता चढता 3 वाजले. गेलं टेंडर. अनामत परत मिळाली, पण दर काढण्यात घातलेले आठ दिवस कोण परत देणार?

खरी गोष्ट पुढेच आहे. चार महिन्यांनी त्याच्या वर्कशॉपवर गेलो होतो. सहज कॉम्प्युटर बघितला, तर अँटिव्हायरस अजून बंद! सिक्युरिटी अजून 'मीडियम'! आणि याच कॉम्प्युटरवर त्याचं नेटबँकिंग, जीएसटी, कामगारांचे पगार, सगळं चालू. त्याची काही चूक नव्हती. बंद करायला मीच सांगितलं होतं. परत चालू करायला सांगायचं मात्र राहिलं. नशिबाने काही झालं नाही. पण त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

आता हे असं का होतं ते समजून घेऊ. सुरुवातीच्या काळात ब्राउझरला मजकूर आणि चित्रं दाखवण्यापलीकडे फार काही येत नव्हतं. व्हिडिओ, हलणारी चित्रं, डिजिटल सही अशा कामांसाठी त्याला बाहेरून जोड द्यावी लागायची. फ्लॅश, जावा ॲपलेट, ॲक्टिव्हएक्स या त्या जोडण्या. त्या वेळी गरज होती, त्यात वाद नाही. पण ॲक्टिव्हएक्स म्हणजे वेबसाइटने पाठवलेला प्रोग्रॅम तुमच्या कॉम्प्युटरवर तुमच्याच अधिकाराने चालणार. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला गल्ल्याची किल्ली देण्यासारखंच हे.

म्हणून ज्यांनी ही दारं बनवली त्यांनीच ती एकेक करून बंद केली. जानेवारी 2013 मध्ये अमेरिकेच्या सरकारी सायबर यंत्रणेने लोकांना सांगितलं की ब्राउझरमधलं जावा बंद करा. क्रोमने सप्टेंबर 2015 मध्ये जुन्या पद्धतीचे प्लगइन पूर्ण काढले. फायरफॉक्सने मार्च 2017 मध्ये फ्लॅश सोडून बाकीचे काढले. ओरॅकलने जानेवारी 2016 मध्येच जाहीर केलं होतं की जावाचं ब्राउझर प्लगइन आम्ही बंद करणार. जावा 7 चे मोफत अपडेट तर एप्रिल 2015 लाच थांबले होते. आणि ते 'मीडियम'? जावा 8 च्या एका अपडेटमध्ये कंपनीने तो पर्यायच काढून टाकला. म्हणून तर जुनी आवृत्ती टाका म्हणत होते! कंपनीने कडी बसवलेला दरवाजा दिला, आणि हे म्हणतात, तो काढा, बिनकडीचा जुना बसवा.

माझं म्हणणं एवढंच आहे. पोर्टल जुनं ठेवून जो खर्च वाचतो तो त्यांचा. त्यातून जी जोखीम तयार होते ती मात्र तुमची. टेंडर हुकलं तर तुमचं, खात्यातून पैसे गेले तर तुमचे. हा हिशोब कुठल्याच टेंडरच्या अटींमध्ये लिहिलेला नसतो.

'अचानक बंद झालं, आम्ही काय करणार' हे कारणही चालणार नाही. फ्लॅश बंद होणार हे अडोबीने जुलै 2017 मध्ये सांगितलं, बंद केलं 31 डिसेंबर 2020 ला. जवळजवळ साडेतीन वर्षं! इंटरनेट एक्सप्लोरर 11 बहुतेक विंडोज 10 वरून 15 जून 2022 ला निवृत्त झाला. एवढ्या वेळात माणूस नवीन शेड उभारतो.

आता जरा आपल्याकडे बोट वळवू. तुमच्या दुकानाच्या सीसीटीव्हीचा डीव्हीआर ब्राउझरमध्ये बघायला अजून ॲक्टिव्हएक्स मागतो का? बिलिंगचं सॉफ्टवेअर फक्त विंडोज 7 वर चालतं म्हणून तो कॉम्प्युटर जपून ठेवलाय का? विंडोज 7 चे मोफत सिक्युरिटी अपडेट 14 जानेवारी 2020 ला थांबले. "सर, चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?" हे वाक्य मी प्रत्येक बॅचमध्ये ऐकतो. पोर्टलवाले पण हेच म्हणतात बरं का!

मे 2017 मधला वॉनाक्राय आठवतोय? जगभर कॉम्प्युटर लॉक करून पैसे मागितले. त्याने जे भोक वापरलं, ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. फटका बसला तो 'नंतर करू' म्हणणाऱ्यांना.

खर्च होतो, हे मला मान्य आहे. 40 हजारांचा नवीन कॉम्प्युटर आणि वर बिलिंगचं नवीन लायसन्स, छोट्या दुकानदाराला जड जातं. म्हणून सगळं आजच फेकून द्या असं मी म्हणणार नाही. पण एवढं तरी करा.

एक, जुनं सॉफ्टवेअर ठेवायचंच असेल तर त्या कॉम्प्युटरचं इंटरनेट काढा. बिलं निघू देत, बॅंक तिथे उघडायची नाही.

दोन, एखाद्या पोर्टलसाठी काही सेटिंग बदलावं लागलं, तर ते कागदावर लिहा आणि स्क्रीनला चिकटवा. काम झालं की उलट्या क्रमाने सगळं पूर्ववत करा, मगच कागद फाडा.

तीन, डिजिटल सहीचं टोकन काम झालं की काढून कपाटात ठेवा. ती तुमची सही आहे, पेन ड्राइव्ह नाही. पिन डब्यावर लिहू नका.

चार, टेंडरची शेवटची तारीख म्हणजे टेंडर भरायची तारीख नव्हे. किमान तीन दिवस आधी सही चालते का ते तपासा.

पाच, आणि हे आपण कधीच करत नाही. निविदापूर्व बैठक असेल तिथे लेखी विचारा: 'या पोर्टलसाठी कोणता ब्राउझर लागतो? सुरक्षा सेटिंग कमी करावं लागतं का? तांत्रिक अडचण आली तर मुदत वाढवणार का?' एकाने विचारलं तर कोणी लक्ष देणार नाही. दहा जणांनी लेखी विचारलं तर उत्तर द्यावं लागतं.

तो फॅब्रिकेशनवाला आता टेंडरसाठी वेगळा लॅपटॉप ठेवतो, सेकंडहँड. त्यावर बॅंक नाही, ईमेल नाही, काही नाही. त्याला तो 'बाहेरची चप्पल' म्हणतो. मला हे नाव फार आवडलं. बाहेरची चप्पल घालून आपण देवघरात जात नाही ना? मग सिक्युरिटी बंद केलेल्या कॉम्प्युटरवर बॅंक कशी काय उघडतो?

आज संध्याकाळी दुकान बंद करायच्या आधी एकदा अँटिव्हायरसचं चिन्ह बघा. चालू आहे का? नसेल, तर कोणी बंद करायला सांगितलं होतं ते आठवा. मीच सांगितलं असेल तर माफ करा, आणि आधी तो चालू करा.

भेटू पुढच्या व्हिडिओत.