दुधाचे दांत आणि काळा डाग

सांगलीच्या एका वाचकभगिनीचें पत्र आमच्यापुढें आहे. त्यांच्या चार वर्षांच्या मुलीच्या दोन दाढा किडल्या आहेत. दंतवैद्यांनीं चांदी व फ्लोराइड यांचें औषध लावण्यास सुचविलें. मात्र त्यानें किडलेला भाग काळा पडेल, असेंही सांगितलें. त्यावरून घरांत मतभेद झाला. मामंजी म्हणतात, "दुधाचे दांत पडावयाचेच, मग खटाटोप कशाला?" सासूबाई म्हणतात, "मुलीची जात. दांत काळे दिसले तर लोक काय म्हणतील?" अशा वेळीं आम्हीं काय करावें, असें या भगिनी विचारतात. सातारा-सांगलीकडील पुष्कळ घरांतून हाच प्रश्न निघत असेल, म्हणून त्याचा येथें विचार करितों.

प्रथम मामंजींचें म्हणणें घेऊं. संस्कृतांत दांतास 'द्विज' म्हणतात, कारण त्यास दोन जन्म आहेत. परंतु पहिल्या जन्माची हेळसांड झाली तर दुसराही सुखाचा होत नाहीं. दुधाचे दांत एकंदर वीस. त्यांपैकीं पुढचे सहाव्या-सातव्या वर्षीं पडूं लागतात हें खरें. पण मागील दाढा दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत राहावयाच्या असतात. म्हणजे या मुलीस त्यांवर अजून सहा ते आठ वर्षें जेवावयाचें आहे! दाढ ठणकूं लागली कीं मूल नीट जेवत नाहीं, झोंपत नाहीं. ती अकालीं काढावी लागली तर शेजारचे दांत त्या जागेंत सरकतात व कायमचा दांत वेडावांकडा येतो.

कीड लागते ती अशी. तोंडांतील सूक्ष्म जंतु साखरेपासून आम्ल तयार करितात, आणि तें आम्ल दांताच्या कवचांतील क्षार विरघळवितें. आपला प्रांत उंसाचा. सातारचे कंदी पेढे आणि तासगांवचे बेदाणे घरोघर असावयाचेच. फ्लोराइड हें लाळेंतील क्षार दांतांत परत बसण्यास साहाय्य करितें. कीड पांढुरक्या डागाच्या रूपानें नुकतीच दिसूं लागली असेल तर फ्लोराइडचें वार्निश लावतात. खड्डा पडला असेल तर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हें औषध उपयोगी पडतें. त्यांतील चांदी जंतु मारते, फ्लोराइड दांत कठीण करितें. त्यास ना भूल लागते, ना कोरणें. औषधाचा थेंब बारीक ब्रशानें लावला कीं झालें. जपानांत हें १९७० च्या सुमारास प्रचारांत आलें आणि जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ मध्यें त्यास आवश्यक औषधांच्या यादींत स्थान दिलें. शेंकडा ३८ प्रमाणाचें औषध वारंवार लावल्यास दुधाच्या दांतांतील शंभरापैकीं सुमारें ऐंशी किडी थांबतात, असा अनुभव आहे. बहुधा तें वर्षांतून दोनदां लावतात.

आतां सासूबाईंची शंका. काळा होतो तो किडलेला भाग. निरोगी दांत पांढराच राहतो. एके काळीं आपल्याकडील सुवासिनी दांतवण लावून मुद्दाम दांत काळे करीत व त्यांत भूषण मानीत. जपानांतही अशी चाल होती. मग मागच्या दाढेवरील डागाची एवढी लाज कां वाटावी? मात्र या औषधानें खड्डा भरून निघत नाहीं. हिरडीवर फोड आला असेल किंवा दाढ रात्रीं आपोआप ठणकत असेल, तर निराळा उपचार हवा. चांदीचें वावडें असल्यास हें औषध लावूं नये.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या भागांत जमिनींतील पाण्याच्या फ्लोराइडनें दांत व हाडें बिघडतात, हें ऐकून कोणी धास्तावतील. दोष द्रव्याचा नसून प्रमाणाचा आहे. पिण्याच्या पाण्यांत दर लिटरास दीड मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइड नसावें. कूपनलिकेचें पाणी पीत असाल तर तें तपासून घ्यावें. टूथपेस्ट तीन वर्षांखालील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी आणि पुढें सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी द्यावी; ब्रश मोठ्या माणसानें फिरवावा आणि पेस्ट गिळूं देऊं नये.

या भगिनींस आमचें सांगणें इतकेंच कीं, मामंजी व सासूबाई यांसही दंतवैद्यांकडे घेऊन जावें. दुसरें मत हवें असेल तर सांगलीस भारती विद्यापीठाचें व कऱ्हाडास कृष्णा विद्यापीठाचें दंतमहाविद्यालय आहेच. डाग पाहण्यापूर्वीं वडीलधाऱ्यांनीं मुलीच्या दाढेंतील खड्डा एकदां आपल्या डोळ्यांनीं पाहावा. मग निर्णयास वेळ लागणार नाहीं.