कार्ड कोणते घ्यावे?
लिनक्सवर गेम म्हटले की पूर्वी लोक नाक मुरडत. 2018 मध्ये व्हॉल्व्हने प्रोटॉन आणले आणि विंडोजसाठी लिहिलेले कितीतरी गेम स्टीमवरून सुखाने चालू लागले. राहिला प्रश्न ग्राफिक्स कार्डाचा. माझे मत विचाराल तर डोळे झाकून एएमडी घ्या. तिचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो, बाकीचे मेसा ही ग्राफिक्स लायब्ररी सांभाळते. कार्ड खोचा आणि खेळा. फक्त कार्ड अगदी नवेकोरे असेल तर कर्नलही ताजा हवा. एनव्हिडिया आता सुधारली आहे (2012 मध्ये लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने तिला भर सभेत शिवी हासडली होती!), तरी कर्नल बदलला की कधीकधी तिच्या ड्रायव्हरचे बिनसते आणि समोर नुसता काळा पडदा. व्हॅलोरंटवाल्यांनी मात्र विंडोज ठेवावेच. त्या गेमच्या अँटी-चीटला लिनक्स चालत नाही, कार्ड कितीही महागाचे असो.