‘वाघ दिसला का?’ हा प्रश्न बदलू या



ताडोब्याहून परतलेल्या माणसाला आपण पहिला प्रश्न विचारतो तो हाच : ‘वाघ दिसला का?’ उत्तर ‘हो’ आले तर सहल सफल, ‘नाही’ आले तर पैसे वाया! चंद्रपूरच्या या अरण्याला न्याय देणारा हा प्रश्न नाही, असे माझे मत आहे. शिवाय तो निरुपद्रवीही नाही.

प्रथम अरण्याचे स्वरूप पाहू. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातील वर्षावनात प्रवासी वाटाड्यामागून पायी चालतो. दाट पानांमुळे तेथे मोठे प्राणी क्वचितच दिसतात. म्हणून तो बेडूक, कीटक, पक्षी पाहायला शिकतो. आपले अरण्यही उष्ण कटिबंधातलेच, पण शुष्क पानझडीचे. सागाची पाने गळतात, नजर लांबवर पोचते. पाणवठे आटत जातात आणि उरलेल्या पाण्याभोवती प्राणी गोळा होतात. एप्रिल-मे महिन्यांत वाघ दिसण्याचा संभव वाढतो तो यामुळे. यात नशिबाचा वाटा थोडा, पानझडीचा आणि पाण्याचा अधिक.

मोहर्ली किंवा कोलारा येथील गाइड गाडीचे एंजिन बंद करायला लावतो, तेव्हा तो एक निरीक्षणच सुरू करीत असतो. झाडावरच्या वानराला दूरवरचे दिसते. ते खोकल्यासारखा आवाज काढते. चितळ तीक्ष्ण ओरडते आणि धोक्याकडे तोंड करून उभे राहते. दोन चितळांच्या नजरेच्या रेषा मनातल्या मनात वाढवा. त्या जिथे छेदतील तिथे शिकारी असण्याचा संभव. भूमितीच्या वहीतली ही रचना गाइडने रानात आत्मसात केलेली असते. आणखी एक गंमत पाहा. वाघाचा नारिंगी रंग आपल्याला भडक वाटतो. पण हरणांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी दोनच प्रकारच्या असल्याने त्यांना तांबड्या-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. झुडपातला वाघ त्यांना झुडपासारखाच भासतो.

हे सारे गाइड सांगू शकतो. पण विचारतो कोण? प्रवाशाला हवा असतो वाघ, आणि बक्षिशीही बहुधा वाघावरच ठरते. मग गाड्या एकाच जागी धावतात. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात एका वाघिणीची व तिच्या पाच बछड्यांची वाट पर्यटकांच्या गाड्यांनी अडवली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. दोष चालक-गाइडांवर आला. पण त्यांना तिथवर नेणारा प्रश्न गाडीत मागे बसलेल्यांचा होता.

कोणी म्हणेल, पर्यटनामुळे गावातल्या तरुणांना काम मिळते, ते बंद करायचे काय? मुळीच नाही. गाइड, चालक, न्याहारी-निवास चालवणारी कुटुंबे यांचा चरितार्थ त्यावर आहे. जंगलाच्या कडेला राहून वाघाची भीती सोसणाऱ्यांना त्याचा लाभ मिळालाच पाहिजे. पण कामाचे मोल गाइडच्या ज्ञानावर ठरावे, वाघाच्या मर्जीवर नव्हे.

वाघाविषयी आपल्याला जे खात्रीने ठाऊक आहे, ते तरी ‘दिसण्या’तून कुठे आले? २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघांचा अंदाज निघाला. त्यासाठी वनकर्मचारी पायी फिरून पाऊलखुणा, विष्ठा, ओरखडे नोंदवतात. मग स्वयंचलित कॅमेरे लावले जातात. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. त्यावरून वाघ ओळखले जातात. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोब्यात अशाच खुणा शोधताना एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. छापलेल्या एका आकड्यामागे केवढे कष्ट आणि केवढी जोखीम असते, ते यावरून ध्यानी यावे. तेव्हा वाघाच्या रानात एकटे पायी हिंडा, असे मी मुळीच सुचवीत नाही. गाडीत बसूनही निरीक्षण करता येते, एवढेच सांगतो.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. सहलीआधी प्रत्येक विद्यार्थ्याला वही द्या. त्यात तीन रकाने असावेत : काय पाहिले वा ऐकले, त्यावरून काय अनुमान काढले, आणि ते अनुमान कशाने तपासता येईल. गाइडला निदान पाच प्रश्न विचारायला लावा. परतल्यावर वर्गात वाघाचे फोटो नव्हे, या वह्या वाचून दाखवा.

गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सिरोंचा तालुक्यात, पोचमपल्लीजवळ बारापासॉरस या अजस्र शाकाहारी डायनोसॉरची हाडे सापडली. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९६१ च्या सुमारास ती खणून काढली. तो प्राणी कोणाही माणसाला कधीच दिसलेला नाही; तरी त्याची लांबी, त्याचा आहार, त्याचा काळ आपण सांगू शकतो. हे शक्य झाले ते पुराव्यामुळे.

म्हणून यापुढे ताडोब्याहून कोणी परतले, तर त्याला विचारा : ‘काय काय ओळखलेस?’ या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी त्याला पुढच्या खेपेस एंजिन बंद करून थांबावे लागेल, कान देऊन ऐकावे लागेल. वाघालाही त्याची वाट मोकळी मिळेल.