हिंगोलीत पाइप गोठत नाहीत, तरी हीट ट्रेसिंग समजून घ्या!

९ ऑक्टोबर २०२४ ला महाराष्ट्रात एकाच दिवशी १० नवीन शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं. त्या यादीत आपलं हिंगोली होतं आणि भंडाराही होतं.

भंडारा म्हटलं की मला अजूनही ९ जानेवारी २०२१ ची रात्र आठवते. जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली. आत १७ बाळं होती. ७ वाचली, १० गेली. त्याच वर्षी २३ एप्रिलला विरारच्या एका रुग्णालयाचा आयसीयू पेटला आणि ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयाचा. एका वर्षात तीन आयसीयू. प्रत्येक वेळी फायर ऑडिटचे आदेश निघाले.

आता हिंगोलीत मोठी बांधकामं येतायत. मेडिकल कॉलेज आहे, वसमतचं हळद संशोधन केंद्र आहे, औंढ्याजवळ लायगो-इंडिया आहे. मोठी इमारत म्हणजे छताला स्प्रिंकलर आलेच. प्रश्न एवढाच की ज्या दिवशी गरज पडेल, त्या दिवशी त्यातून पाणी येईल का?

या प्रश्नावर सगळ्यात जास्त डोकं थंड देशांनी लावलंय, कारण तिथे पाइपातलं पाणीच गोठतं. त्यांनी काय केलं आणि त्यातलं आपण काय उचलायचं, ते बघू.

आधी स्प्रिंकलर कसा चालतो ते बघा

सिनेमात एकाने काडी पेटवली की अख्ख्या मजल्यावर पाऊस पडतो. खरं तसं होत नाही. प्रत्येक स्प्रिंकलरच्या तोंडाशी एक छोटी काचेची नळी असते आणि तिच्यात द्रव भरलेला असतो. उष्णता वाढली की द्रव प्रसरण पावतो, काच फुटते आणि तेवढ्याच तोंडातून पाणी सुटतं. लाल काच साधारण ६८ अंश सेल्सिअसला फुटते, पिवळी ७९ ला, हिरवी ९३ ला. आग जिथे आहे तिथलेच एक-दोन स्प्रिंकलर उघडतात, बाकीचे गप्प बसतात.

ना वायफाय लागतं, ना सेन्सर, ना सॉफ्टवेअर. फक्त दोन अटी आहेत. पाइपात दाबाखाली पाणी पाहिजे आणि वाटेतले सगळे व्हॉल्व्ह उघडे पाहिजेत. यातली एक जरी मोडली, तरी छताला लटकलेलं ते पितळ निव्वळ शोभेचं.

थंडीत नेमकं काय बिघडतं?

पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. पाइपात बर्फाचा बोळा तयार झाला की तो पुढच्या पाण्याला ढकलत जातो. पुढे बंद तोंड असेल तर दाब प्रचंड वाढतो आणि पाइप किंवा व्हॉल्व्ह तडकतो. गंमत म्हणजे तडा गेलेला लगेच कळत नाही, कारण बर्फानेच बूच मारलेलं असतं. ऊन पडून बर्फ वितळला की मग धो-धो गळती सुरू होते.

म्हणून अमेरिकेच्या एनएफपीए १३ या स्प्रिंकलरच्या मानकात ४ अंश सेल्सिअसचा आकडा महत्त्वाचा आहे. पाइपाभोवतीचं तापमान त्याच्या खाली जाणार नाही याची खात्री नसेल, तर पाण्याने भरलेला पाइप तसाच सोडायचा नाही. मग पर्याय काय?

पहिला पर्याय म्हणजे पाइपात पाण्याऐवजी हवा भरून ठेवायची आणि आग लागल्यावरच पाणी सोडायचं. उणे तापमानाच्या शीतगृहांत हेच करतात. पण पाणी पोचायला वेळ लागतो, आणि जिथे पाणी अडवलेलं असतं ती व्हॉल्व्हची खोली तरी गरम ठेवावीच लागते. दुसरा पर्याय म्हणजे पाण्यात न गोठणारं रसायन मिसळायचं. पण ग्लायकॉलसारखी रसायनं स्वतः पेट घेऊ शकतात. अमेरिकेत २००९ मध्ये स्वयंपाकघरातल्या एका आगीत असंच मिश्रण भडकलं आणि पुढच्या वर्षी घरांसाठी त्यावर निर्बंध आले. तिसरा पर्याय हीट ट्रेसिंग.

हीट ट्रेसिंग म्हणजे पाइपाला स्वेटर, तोही विजेचा

पाइपाला लागून एक गरम होणारी केबल लावायची आणि वरून इन्सुलेशन गुंडाळायचं. एवढंच. पण यातली सेल्फ-रेग्युलेटिंग केबल मला फार आवडते.

तिच्यात तांब्याच्या दोन समांतर तारा असतात आणि मधे कार्बनचे कण मिसळलेलं प्लॅस्टिक. थंडी वाढली की प्लॅस्टिक आकसतं, कार्बनचे कण जवळ येतात, करंट जास्त वाहतो आणि उष्णता वाढते. ऊब आली की प्लॅस्टिक फुगतं, कण लांब जातात आणि उष्णता कमी होते. केबलचा प्रत्येक भाग आपापलं बघतो. सावलीतला तुकडा जास्त तापतो, उन्हातला कमी. एका ओळीचाही कोड नाही, तरी कंट्रोल सिस्टिम तयार.

आता खरा मुद्दा. ही केबल विजेवर चालते आणि वीज नेमकी वादळातच जाते. फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत अमेरिकेच्या टेक्सास राज्यात ४५ लाखांहून जास्त घरं-दुकानं अंधारात गेली आणि जागोजागी पाइप फुटले. म्हणून स्प्रिंकलरच्या पाइपावर कोणतीही केबल गुंडाळून चालत नाही. त्या कामासाठी तपासून मान्यता दिलेलीच केबल लागते आणि तिच्यावर सतत पाळत असावी लागते. केबलचा पुरवठा तुटला की फायर पॅनलवर बिघाडाचा इशारा आला पाहिजे. आग लागल्यावर नाही, बिघाड झाल्या झाल्या.

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढचा सगळा लेख त्यावरच आहे.

आपल्याकडे थंडी नाही, मग शत्रू कोण?

हिंगोली १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झालेला जिल्हा. त्याच परभणीत डिसेंबर २०१८ च्या शेवटी पारा २-३ अंशांपर्यंत उतरला होता. म्हणजे कागदावर त्या ४ अंशांच्याही खाली! पण अशी थंडी पहाटेचे काही तास असते, तीही उघड्यावर. इमारतीतला पाइप तेवढ्यात गोठत नाही. आपल्याकडे हीट ट्रेसिंगवर पैसे घालणं म्हणजे मे महिन्यात रजई विकत घेणं.

उन्हाळा मात्र हिशेबात धरावा लागतो. पत्र्याच्या गोदामात छताजवळचं तापमान बाहेरच्यापेक्षा बरंच वर जातं, त्यामुळे तिथे कोणत्या रंगाची काच लावायची हे विचार करूनच ठरवायला हवं.

पण आपला सगळ्यात मोठा शत्रू हवामान नाहीच. तो आहे बंद व्हॉल्व्ह, रिकामी टाकी आणि ऑटोवरून मॅन्युअलवर फिरवलेला पंप. गळती दुरुस्त करायला व्हॉल्व्ह बंद केला आणि उघडायचा राहिला. उन्हाळ्यात टंचाई आली म्हणून आगीसाठी राखलेलं पाणी वापरून टाकलं. लोडशेडिंगनंतर पंप पुन्हा ऑटोवर टाकलाच नाही. यातलं काहीच बाहेरून दिसत नाही. छताला स्प्रिंकलर जसेच्या तसे लटकलेले असतात.

हे फक्त आपलंच रडगाणं नाही. अमेरिकेत जिथे स्प्रिंकलर असूनही चालले नाहीत, त्या आगींचा अभ्यास एनएफपीएने केलाय. निम्म्याहून जास्त वेळा कारण एकच निघालं, यंत्रणा आधीच कुणीतरी बंद केलेली होती.

गोठलेला पाइप आणि बंद व्हॉल्व्ह, परिणाम एकच. पाणी येत नाही.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. त्यानुसार इमारतीच्या मालकाने किंवा वापर करणाऱ्याने वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. त्याला फॉर्म बी म्हणतात.

कायदा चांगला आहे, वाद नाही. पण मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, त्यामुळे मला यात एक मोठी फट दिसते. आमचा कोणताही सर्व्हर सहा महिन्यांतून एकदा तपासत नाहीत. तो दर काही सेकंदांनी ‘मी जिवंत आहे’ असा निरोप पाठवतो. याला हार्टबीट म्हणतात. निरोप थांबला की फोन वाजतो, मग रात्रीचे तीन का वाजलेले असेनात. शांतता म्हणजे सगळं ठीक, असं आम्ही धरत नाही. शांतता हाच अलार्म.

फॉर्म बी म्हणजे वर्षातून दोनदा घेतलेला फोटो. जुलैत फोटो काढला आणि ऑगस्टमध्ये प्लंबरने व्हॉल्व्ह बंद केला, तर पुढच्या जानेवारीपर्यंत कुणाला कळणार?

मग करायचं काय?

हीट ट्रेसिंगची केबल आपल्याला नको, तिच्यावरची पाळत हवी. त्यासाठी लागणाऱ्या वस्तू जुन्याच आहेत. व्हॉल्व्ह फिरवला की सिग्नल देणारा टॅम्पर स्विच. दाब घसरला की कळवणारा प्रेशर स्विच. टाकीची पातळी मोजणारा सेन्सर. पंप ऑटोवर आहे की नाही याचा संकेत. शेतातली मोटर मोबाइलवरून चालू-बंद करणारा स्टार्टर आपल्या गावागावांत पोचलाय. मग जिल्हा रुग्णालयाच्या फायर पंपाची खबर मोबाइलवर येणं अवघड का असावं?

अट एकच. तो मेसेज फक्त कंत्राटदाराच्या फोनवर जाऊन उपयोग नाही. ज्याच्यावर जबाबदारी आहे त्या अधिकाऱ्याकडे आणि अग्निशमन दलाकडेही गेला पाहिजे. नाहीतर रोज वाजणारा अलार्म म्यूट करणारी माणसं आपल्याकडे कमी नाहीत.

नवीन इमारतीत हे सगळं टेंडरमध्येच लिहून घेणं सोपं असतं. भिंती रंगवून झाल्यावर तेच काम महाग पडतं आणि मग राहूनच जातं. हिंगोलीच्या बाबतीत म्हणूनच हा विषय आत्ताचा आहे.

आणि हो, पाइप तापवण्याची गोष्ट हिंगोलीत अगदीच परकी नाही

लायगो-इंडियाला ६ एप्रिल २०२३ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, खर्च २,६०० कोटी रुपये. गुरुत्वीय लहरी पकडणाऱ्या या वेधशाळेला ४-४ किलोमीटरचे दोन हात असतील. अमेरिकेतल्या लायगोत अशाच लांबीच्या पोलादी नळ्यांमधला उरलासुरला वायू काढायला नळीतूनच वीज सोडली होती आणि जवळपास महिनाभर ती १५० अंशांच्या वर तापवत ठेवली होती. तत्त्व तेच, रोधातून उष्णता. जगातल्या सगळ्यात नाजूक मोजमापासाठी पाइपाची एवढी काळजी घेता येते, तर बाळांच्या वॉर्डातल्या पाइपासाठी एक स्विच बसवता येईलच की.

तुम्ही आज काय बघू शकता

क्लास, अभ्यासिका, मॉल, दवाखाना, कुठेही असाल तर चार गोष्टी बघा. जिन्याजवळच्या लाल पाइपावर प्रेशर गेज असेल तर काटा शून्यावर आहे का? मोठा व्हॉल्व्ह उघडा ठेवून साखळीने बांधलाय का? स्प्रिंकलरच्या काचेवर रंग मारलाय का, किंवा त्याला कुणी वायर, पताका लटकवल्यात का? बाहेर पडायच्या दाराला कुलूप आहे का? २०१९ मध्ये सुरतच्या कोचिंग क्लासच्या आगीत २२ मुलं गेली, हे विसरू नका.

व्हॉल्व्हला स्वतः हात लावू नका. फोटो काढा, तारीख टाका, व्यवस्थापनाला लेखी द्या आणि मागच्या फॉर्म बीची तारीख विचारा. सरकारी इमारत असेल तर माहिती अधिकारात विचारता येते. आग दिसली तर आधी बाहेर पडा, मग १०१ किंवा ११२.

एकाने विचारलं तर उत्तर टाळता येतं. दर महिन्याला वीस जण विचारायला लागले, तर कुणालातरी जाऊन तो व्हॉल्व्ह बघावाच लागेल.