रात्रीचं काम आणि आपल्या मुली



आमच्या जानेफळची बीएस्सीची एक मुलगी कासवांच्या कामासाठी कोकणात इंटर्नशिप करू म्हणते. तिच्या वडिलांशी मी बोलले. त्यांचा एकच प्रश्न : "रात्रीबेरात्री पोरीचं समुद्रावर काय काम?"

काम रात्रीचंच आहे. ऑलिव्ह रिडले मादी अंधारात येऊन वाळूत शंभरेक अंडी घालते. कोल्ही-कुत्री उकरण्याआधी ती हॅचरीत हलवावी लागतात. वेळासला 'सह्याद्री निसर्ग मित्र'ने २००२ पासून गावकऱ्यांना सोबत घेऊन हे केलं. पिल्लं पाहायला येणाऱ्यांना समजावून सांगणं, हेही कामच. (वाळू गरम असली की माद्याच जास्त निपजतात. तिथे कुणी तोंड पाडत नाही!)

वडिलांची काळजी खोटी नाही, पण मुलीला घरी बसवणं हे त्यावर उत्तर नव्हे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात बिनपगारी प्रशिक्षणार्थीही येतात. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर अंतर्गत समिती हवीच. कमी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. संस्थेला आधीच विचारावं : समितीवर कोण, रात्री सोबत कोण, संडास-बाथरूमची सोय काय, विद्यावेतन किती? बिनपैशाची इंटर्नशिप शेतमजुराच्या मुलीला परवडतच नाही.

एसटीचं भाडं आमचा बचत गट देणार आहे. बाकीचं कॉलेज देईल का, हे विचारायला आम्ही सोमवारी जातोय. वडीलही येतो म्हणालेत.