सर्च करा ना, काका!

मंडळी, आमच्या घरातल्या तरुण मुलांचा हल्ली एकच मंत्र : "काका, मेलना लेबलं कसली लावत बसता? सर्च करा ना!" त्यातले जास्त हुशार सांगतात की शोध साठवूनच ठेवायचा. थंडरबर्डमध्ये तशी सोय आहे. अट जुळली की मेल आपोआप त्या यादीत दिसते. आपण बोटही हलवायचं नाही!

मला हे मान्य नाही. शोध शब्द शोधतो, विषय नव्हे. आणि शब्द असतात पाठवणाऱ्याचे. धाकट्या भावाने गावच्या जमिनीच्या सातबाऱ्याचा फोटो पाठवला. मजकूर काय, तर "दादा, हे बघून घे." विषयाच्या जागी 'दिवाळीच्या शुभेच्छा', कारण स्वारी जुन्याच मेलला उत्तर देऊन मोकळी. आता करा 'सातबारा' सर्च! लिहिणारे तरी तो शब्द एकसारखा कुठे लिहितात? कोणी '७/१२', कोणी 'सात-बारा', कोणी रोमन लिपीत मन मानेल तसं.

त्यात आपली मराठी. (जन्मभर व्याकरण शिकवलंय, राहवत नाही.) 'पुणे' शोधलंत, तर 'पुण्याला', 'पुण्याहून' यांत 'पुणे' ही अक्षरं आहेत कुठे? 'भाऊ'चं 'भावाला' होतं, 'पाणी'चं 'पाण्याचं'. इंग्रजीत 'टु पुणे', 'फ्रॉम पुणे'. नाव जागचं हलत नाही. त्या भाषेत चालणारा उपदेश आमच्या सामान्यरूपांना कसा पुरणार?

लेबल म्हणजे वाचणाऱ्याने वाचून ठरवलेला विषय. ग्रंथपाल विषयवार कार्डं करायचे ते याचसाठी. विहिरींवरच्या पुस्तकाच्या नावात 'विहीर' असेलच असं नाही. बरं, 'कुठल्या कप्प्यात टाकू' ही अडचणही उरलेली नाही. जीमेल १ एप्रिल २००४ रोजी आलं तेच कप्प्यांऐवजी लेबलं घेऊन. एकाच मेलला 'ताई', 'दवाखाना', 'मेडिक्लेम' अशी तिन्ही लावा, कोण अडवतंय?

वीजबिलं आणि बँकेची पत्रकं मात्र खुशाल शोधावर सोडा. ती यंत्र लिहितं, दर महिन्याला त्याच शब्दांत. माणसं तशी लिहीत नाहीत.

आणखी एक. सत्तरी उलटल्यावर हे बोलावंच लागतं. माझ्यामागे ही पेटी मुलगी उघडेल. काय काय आहे हेच ठाऊक नसताना ती सर्चच्या चौकटीत लिहिणार काय? 'जमीन', 'पेन्शन', 'ताईची पत्रं' ही लेबलं दिसली तर निदान हात घालायला जागा मिळेल. साठवलेल्या शोधाचंही नाव यादीत दिसेल म्हणा, पण आत ती 'दिवाळीच्या शुभेच्छा' नसेल. आणि जमिनीचा कागद नेमका तिच्यातच आहे.

तेव्हा माझी लेबलं मी लावीन. तुम्ही फक्त जुन्या मेलला उत्तर देताना विषय तेवढा बदलत जा.