हलक्या रायफलीवर जड दुर्बीण नको

आज पीकपाणी बाजूला ठेवून बंदुकीबद्दल लिहितोय. तसं बघितलं तर हेही शेतीचंच. आमच्या सिंधुदुर्गात बंदूक हे अवजारच आहे. शेती संरक्षणाच्या लायसन्सवर कुणाकडे ठासणीची, कुणाकडे बाराची एकनळी. रायफल मात्र मोजक्या घरांत. बहुतेक आजोबा-पणजोबांच्या वेळच्या, वारसाने नावावर झालेल्या. त्यातल्या काही विलायती रायफली खरंच हलक्या आहेत, पावणेतीन किलोच्या आसपास. डोंगर चढताना खांद्याला जड होऊ नये म्हणूनच तशा बनवलेल्या.

आता झालंय काय, पोरांनी मोबाईलवर परदेशातले व्हिडिओ बघितले आणि या हलक्या रायफलींवर भल्यामोठ्या दुर्बिणी बसवायचं खूळ आलं. दोघांनी फोटो पाठवून विचारलं, "काका, कशी वाटता?" एकाची दुर्बीण ६-२४ × ५६. म्हणजे लांबचं सहा पटीपासून चोवीस पटीपर्यंत जवळ दिसतं आणि पुढची काच ५६ मिलिमीटरची, जवळजवळ पेल्याच्या तोंडाएवढी. रिंगा आणि खालची पट्टी धरून वजन एक किलोच्या आसपास. पावणेतीन किलोच्या रायफलीवर एक किलो!

माझं मत विचारलंत तर सरळ सांगतो, नको. का ते सांगतो, मग तुम्ही ठरवा.

पहिली गोष्ट वजनाची. नुसतं वजन वाढलं एवढाच प्रश्न नाही. आपण शेतकरी, पन्नास किलोचं पोतं उचलतो, एका किलोचं काय कौतुक? प्रश्न आहे ते वजन बसतं कुठे याचा. भाताचा भारा डोक्यावर नीट मधोमध असला तर बाई बांधावरून झपाझप चालते. तोच भारा एका अंगाला कलला तर मान आखडते. रायफलीचं तसंच. बनवणाऱ्याने तोल बरोबर चापाच्या थोडा पुढे, हात धरतो तिथे आणलेला असतो. त्याच्यावर चार बोटं उंच एक किलो चढवलं की रायफल हातात फिरायला बघते. खांद्याला अडकवली तर उलटी होते. काजूच्या बागेतून वाकून जाताना दर फांदीला दुर्बीण आपटते. आणि अचानक उचलून खांद्याला लावायची म्हटली तर नळी आधी भलतीकडे जाते, मग जागेवर येते. जनावर तेवढा वेळ थांबत नाही.

एक खरं आहे, ते लपवत नाही. वजन वाढलं की खांद्याला बसणारा धक्का थोडा कमी होतो. हलकी रायफल फार झटका देते, त्यामुळे पोरांना ही जड दुर्बीण लावल्यावर "बरं वाटतं". पण तो झटका गेला कुठे? रायफल मागे उडते तेव्हा दुर्बीण जागच्या जागी राहायला बघते. तिला ओढून मागे नेण्याचं काम रिंगा आणि स्क्रू करतात. दुर्बीण तिप्पट जड, तर ओढही तिप्पट. आणि हे स्क्रू केवढे? खालची पट्टी रायफलीला धरून ठेवणारे साधारण चार स्क्रू असतात, जेमतेम साडेतीन मिलिमीटर जाडीचे. दहा-वीस बारांत एखादा केसभर ढिला झाला की नेम सरकला. डोळ्याला काही दिसत नाही, हाताला हलत नाही, पण गोळी दुसरीकडे जायला लागते.

मग परत नेम जुळवा. त्याला काडतुसं लागतात. परदेशातला माणूस दुकानात जाऊन डबे आणतो. आपल्या लायसन्सवर काडतुसांचा आकडा लिहिलेला असतो. नेम जुळवायलाच दहा उडवली तर राखणीला काय उरलं? शिवाय नेम जुळवायचा कुठे? घराच्या मागे पांदीत उभं राहून बार काढण्यासाठी लायसन्स नाही. परवानगीची रेंज असते जिल्ह्याच्या गावाला, तिथे जायचं म्हणजे एक दिवस मोडला. त्यात निवडणूक आली की बंदुका ठाण्यात जमा. २०२४ ची विधानसभा २० नोव्हेंबरला झाली, म्हणजे कापणी-मळणीच्या दिवसांत. जमा झालेल्या बंदुका एकमेकीला टेकवून उभ्या केलेल्या असतात. वर उंच काढलेली दुर्बीण असली तर पहिला दाब तिच्यावरच.

दुसरी गोष्ट गालाची. ऐकायला किरकोळ वाटेल, पण नेमाची निम्मी मदार गालावर असते. ५६ मिलिमीटरची काच नळीला घासू नये म्हणून दुर्बीण उंच रिंगांवर बसवावी लागते. जुन्या रायफलीचा दस्ता मात्र माशीवरून नेम धरायच्या हिशोबाने खाली उतरलेला. मग गाल दस्त्याला टेकतच नाही. हनुवटी टेकते, मान वर ताणून बघावं लागतं, आणि दर वेळी डोळा वेगळ्या जागी येतो. चित्र नीट दिसेना की माणूस आपोआप डोकं पुढे सरकवतो. दुर्बीण आणि डोळा यांत साधारण तीन-साडेतीन इंच अंतर हवं. ते दोन इंचांवर आलं आणि बार निघाला की दुर्बिणीची कड भुवईत घुसते. माचाणावरून खाली वाकून नेम धरताना तर हमखास. अर्धचंद्रासारखी खूण कपाळावर घेऊन फिरणारे दोघे-तिघे मला माहीत आहेत. ते लग्नकार्यात टोपी खाली ओढून बसतात!

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यासाठी पोरं ही दुर्बीण घेतात. "काका, काळोखात पण दिसता ह्याच्यातून." मोठी काच म्हणजे जास्त उजेड, असा हिशोब.

हिशोब अर्धाच बरोबर आहे. पुढच्या काचेच्या मिलिमीटरला पटीने भागा. जे उत्तर येईल तेवढ्या जाडीचा उजेडाचा झोत तुमच्या डोळ्याकडे येतो. ५६ ला २४ ने भागलं तर सव्वादोन मिलिमीटर. म्हणजे पूर्ण वाढवून बघितलंत तर संध्याकाळी काळंच दिसणार. ती सहा पटीवर आणली तर नऊच्या वर. आता साधी ४ × ३२ ची लहान दुर्बीण घ्या. ३२ ला ४ ने भागलं, आठ मिलिमीटर. माणसाच्या डोळ्याची बाहुली काळोखात तरुणपणी फार तर सात मिलिमीटर उघडते, आमच्या वयात पाचच्या आसपास. म्हणजे नऊ काय आणि आठ काय, डोळ्यात मावतं तेवढंच जाणार. पन्हाळीतून किती का पाणी पडेना, खालच्या कळशीचं तोंड आहे तेवढंच! पट वाढवली तर मोठ्या काचेचा उपयोग आहे, नाही असं नाही. आठ पटीवर ५६ ची काच सात मिलिमीटर देते आणि ३२ ची चारच. पण आपल्याला आठ पट लागते कुठे?

जर्मनीत, ऑस्ट्रियात ८ × ५६ च्या दुर्बिणी फार चालतात. तिकडचा शिकारी उंच मचाणावर बसतो, पुढ्यात कठड्याला आडवं लाकूड, त्यावर रायफल टेकवलेली. समोर मोकळं शेत, चांदण्यात डुकराची वाट बघायची. बॅटरीचा उजेड टाकून शिकार करायला तिथल्या कायद्याने कितीतरी वर्षं मनाई, म्हणून चांदण्याचा थेंब न् थेंब गोळा करणारी काच लागते. रायफल रात्रभर लाकडावर, वजन झालं तरी कुणाच्या हाताला लागतंय? त्यांच्याकडे ते बरोबर आहे. आणि तिकडचाच आल्प्स डोंगर चढणारा शिकारी हलकी रायफल घेतो तेव्हा दुर्बीणही लहान घेतो. आपली पोरं एकाची रायफल आणि दुसऱ्याची काच एकत्र करतात.

आपल्याकडे कसं आहे? भाताचा कोपरा, बाजूला काजू, मधे पांद, पलीकडे दुसऱ्याचं घर. जनावर दिसतं ते तीस पावलांवर, फार तर पन्नास. चार पटीच्या दुर्बिणीतून शंभर यार्डांवर साधारण तीस फूट रुंदीचं दिसतं. बारा पटीला दहा फूट. हेच तीस पावलांवर आणलंत तर बारा पटीला अडीच फूट राहतं. मोठं डुक्कर साडेचार-पाच फूट लांब. मग काचेत दिसणार काय? नुसते केस. पुढा कुठला, मागचा भाग कुठला, बाजूला पिल्लं आहेत का, मागे काय आहे, काही कळत नाही. आणि बऱ्याच मोठ्या दुर्बिणी लांबच्या अंतरासाठी जुळवलेल्या असतात, जवळचं धुरकट दिसतं. "पट कमी करता येता ना," असं पोरगा म्हणेल. येते, पण त्याच्या दुर्बिणीत सहाच्या खाली जात नाही. आणि सहावरच वापरायची तर चोवीसचं ओझं कशाला वाहायचं?

जिम कॉर्बेटला चंपावतची वाघीण मारल्याबद्दल १९०७ साली रिग्बीची .२७५ रायफल भेट मिळाली होती. हलकी, हातात बसणारी. पुढे त्याने ती कितीतरी वर्षं वापरली, बिनदुर्बिणीची. कॉर्बेटची बरोबरी कुणी करू नये, पण जंगलात जवळच्या अंतरावर काय लागतं ते त्याच्याएवढं कुणाला कळत होतं?

हे सगळं झालं सोयी-गैरसोयीचं. माझा विरोध खरा वेगळ्याच कारणाने आहे.

बंदुकीवर चांगली काच बसली की माणूस तिच्यातून बघायला लागतो. पांदीत काहीतरी हललं, लाव बंदूक खांद्याला आणि बघ काय आहे. वाडीत कुणाचा कंदील हलतोय, बघ. वर कातळावर गुरं कुणाची, बघ. म्हणजे जे अजून ओळखलेलंच नाही त्याच्यावर आपण भरलेली नळी रोखतोय. तिथे डुक्कर असेल, गवा असेल, नाहीतर पहाटे पाणी लावायला निघालेला शेजारी असेल. डुक्कर समजून माणसावर गोळी झाडल्याच्या बातम्या आपण पेपरात वाचतो. पुढच्या ओळीत असतं, गोळी झाडणारा त्याच गावचा, बरेचदा बरोबर गेलेलाच. दोन घरं बसतात. एक स्मशानात, एक कोर्टात.

बाराच्या छऱ्यांची धाव थोडी, रायफलीचं तसं नाही. पॉइंट टू टूची बारकी गोळीसुद्धा दीड किलोमीटर जाऊ शकते, मोठ्या रायफलीची त्याच्या दुप्पट सहज. आपल्या वाड्या किती अंतरावर आहेत ते मनात मोजा. अडीच फुटांच्या गोल काचेत डोळा घालून बसलेल्याला गोळी पुढे कुठे जाणार हे दिसतच नाही. दुसरा डोळा मिटलेला असतो.

म्हणून सांगतो, काच घ्यायचीच असेल तर गळ्यात अडकवायची दोन डोळ्यांची दुर्बीण घ्या, ७ × ५० नाहीतर ८ × ४०. त्या पैशात बरी येते, आणि उरलेल्यात चांगली बॅटरी. बघायचं काम तिने करा. ओळख पटली, मागे माती आहे, माणूस नाही, याची खात्री झाली, हातात वन खात्याची परवानगी आहे, मगच रायफलीला हात. परवानगीचं पुन्हा सांगतो, कारण लायसन्स म्हणजेच परवानगी असं अजून काहींना वाटतं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली शिकार बंद आहे. पीक खाणाऱ्या जनावरासाठी कलम ११ खाली लेखी आदेश लागतो, आणि त्यात ज्या अटी असतील त्या पाळाव्या लागतात. गवा, माकड, डुक्कर सगळे एका मापात मोजू नका.

रायफलीवर दुर्बीण हवीच असेल, माझ्यासारखं चाळिशीनंतर माशी पुसट दिसायला लागली असेल, तर लहान घ्या. ४ × ३२ किंवा १-४ × २४. तीन-चारशे ग्रॅमच्या आसपास वजन, बुटक्या रिंगा, गाल दस्त्याला टेकलेला. त्याच्या वर आपल्या बागेत काही लागत नाही.

आणि जुन्या रायफलीला वर स्क्रूची भोकं नसतात. ती पाडायला लेथवाल्याकडे नेऊ नका. तो पंपाचा शाफ्ट उत्तम करतो, माझाही त्यानेच केलाय, पण काडतूस फुटतं त्या जागेच्या वर भोक किती खोल न्यायचं हे त्याचं काम नाही. लायसन्स नसलेल्याने बंदुकीची दुरुस्ती, फेरफार करणं हा १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे गुन्हाही आहे. लायसन्सवाल्या बंदूक दुरुस्तीवाल्याकडेच न्या, आणि नेण्याआधी लायसन्स देणाऱ्या कचेरीत विचारून घ्या.

एअरगनवाल्यांनीही विचारलं होतं. स्प्रिंगची एअरगन आधी मागे आणि लगेच पुढे असा दोन्हीकडे झटका देते. साध्या रायफलीची जड दुर्बीण तिच्यावर लावलीत तर आतल्या काचाच निसटतात. एअरगनसाठी म्हणून मिळते तीच लावा, आणि डब्यावर नेम मारा, माकडावर नको.

ज्या पोराने ५६ ची आधीच घेतलीय त्याने ती परत पाठवायची मुदत बघावी. मुदत गेली असेल तर रायफलीवर न चढवता तिपाईवर बसवून पडवीत ठेव बाबा. खळ्यातून पलीकडच्या डोंगरावरची गुरं तिच्यातून मस्त दिसतील.